पायी चालणाऱ्यांची पाखाडी

रत्नागिरी,
२० नोव्हेंबर १९८५

अहो,

कोलंबोहून टाकलेलं तुमचं पत्र ऐन दिवाळीत मिळालं. आबांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, "बोटीवर जेवण बरं देतात काय, ते लिवलंन नाय." तेव्हा पुढच्या पत्रात आधी जेवणाचं लिहा.

फराळ थोडाच केला. आबा चकली चहात बुडवून खातात आणि वर म्हणतात मऊ झाली. त्यांच्या डाव्या डोळ्याला आता उजेड-अंधार एवढंच कळतं. उजव्याचं ऑपरेशन फुकट गेलं ते तुम्हाला ठाऊक आहेच. तरी संध्याकाळी काठी घेऊन बकुळीच्या पाखाडीच्या अरुंद वाटेनं मांडवीच्या धक्क्यावर जायचं काही सोडत नाहीत. इतकी वर्षं मचव्यावर तांडेल होऊन खलाशांना हाकलेला माणूस, समुद्राचा वास घेतल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

काळजीची गोष्ट आता लिहिते. गणपतीपासून मोठा रस्ता पाइपासाठी खणून ठेवला आहे, म्हणून वरच्या आळीतून बंदरावर जाणारे सगळे मोपेडवाले पाखाडीतून उतरायला लागले आहेत. आपली पाखाडी तुम्हाला माहीत आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं खांदा वळवावा लागतो. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन कोणी आली, की आपण दगडी गडग्याला चिकटून उभं राहायचं. वरच्या पायऱ्या मोडून उतार केला तेव्हा हातगाडीला बरं होईल म्हणून आपणच खूश झालो होतो. 'वाहनांस बंदी' अशी पाटी अजून तिथं आहे. तिच्या खालूनच हे जातात. शेजारच्या मथुराकाकूंनी एकाला अडवलं, तर तो म्हणाला, "काकू, ह्याला पायडल आहेत. ही सायकल आहे." काकू म्हणाल्या, "मग मार पायडल." त्यानं इंजिन चालू केलं आणि गेला.

वर येताना निदान आवाज तरी होतो. उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाड्या सोडतात. आबांना दिसत नाही, आणि ह्या ऐकूही येत नाहीत. परवा एकजण त्यांच्या काठीला घासून गेला. मी म्हटलं, मी येते बरोबर. तर म्हणाले, "मी काय तान्हा हाय?" तेव्हापासून मी पिशवी घेऊन मासळी आणायला निघाल्यासारखी त्यांच्या मागून थोडं अंतर ठेवून जाते. त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही लिहू नका.

तब्येतीला जपा.
सावित्री


एडन,
१० डिसेंबर १९८५

सावित्री,

आबांना सांग, जेवण बरं आहे. आमचा स्वयंपाकी, भंडारी, गोव्याचा आहे आणि दर रविवारी कोंबडी करतो. भात मात्र आपल्यासारखा नाही, दाणा दाण्याला ओळख दाखवत नाही.

मोपेडचं वाचलं. तू घाबरतेस म्हणून लिहितो, इकडच्या बंदरांत तर माणसांपेक्षा गाड्या जास्त आहेत. आपल्याकडे आता कुठे सुरुवात होते आहे. महिपतनंही मोपेड घेतल्याचं त्याचं पत्र आलं. विम्याची कामं घेऊन गावोगाव फिरायचं म्हणजे बिचाऱ्याचे पाय झिजायचे, आता दिवसात दुप्पट घरं होतात म्हणतो. लहानपणी आबांनी आम्हा दोघा मित्रांना एकाच दोरीनं बांधून पोहायला शिकवलं. त्याचं बरं झालं की माझंच झाल्यासारखं वाटतं. मी सुटीवर आलो की आपणही एक घेऊ. तुला मागे बसवून आरे-वारेच्या किनाऱ्याला नेईन. लग्नानंतर तुला कुठेच नेलेलं नाही.

आबांचं म्हणशील, तर त्यांना आता संध्याकाळचं घरीच बसव. वय झालं. अंगणात खुर्ची टाकून दे, वारा तिथंही येतो. तू सांगितलंस तर ऐकतील. आणि त्यांच्या मागे मागे हिंडत बसू नकोस, तुला घरची कामं काय कमी आहेत?

इथून सुएझ. पुढचं पत्र कंपनीच्या मुंबईच्या पत्त्यावरच टाक, ते पोचवतात.

भिकाजी


रत्नागिरी,
८ जानेवारी १९८६

अहो,

तुमचं पत्र मिळालं.

तुम्ही लिहिलंत तसं आबा आता घरीच बसतात. अंगणात खुर्ची टाकली आहे. मीही घरीच असते. बाजाराचं काय हवं-नको ते मथुराकाकू बघतात.

थंडी यंदा बरी आहे. आंब्याला मोहोर चांगला आला आहे. आबांना भूक थोडी कमी झाली आहे, पण काळजीचं काही नाही.

महिपतभावोजींना पत्र लिहाल तेव्हा नेहमीसारखंच लिहा. त्यांची दमयंती अधूनमधून येऊन जाते. चांगली आहे.

यावेळी एवढंच.
सावित्री


रॉटरडॅम,
२ फेब्रुवारी १९८६

सावित्री,

तुझं पत्र मिळालं, पण पत्र कसलं, ती तर तार होती. तरी आबा घरी बसायला लागले हे वाचून जिवाला बरं वाटलं. मला वाटलं होतं म्हाताऱ्याशी मोठं भांडण होईल. तू हे कसं जमवलंस ते मला शिकव, मला तर त्यांनी आयुष्यात एका शब्दानं जुमानलं नाही.

इथे बर्फ आहे. सुकाण धरून उभा राहिलो की हातमोज्याच्या आत बोटं आहेत की नाहीत कळत नाही. बंदरात एका दुकानाच्या काचेतून नवी मोपेड पाहिली, निळी. तुझ्या त्या मोरपिशी लुगड्याला शोभली असती.

काल रात्रपाळी नव्हती म्हणून तुझी जुनी पत्रं काढून वाचली. पूर्वी तू कोणाकडे काय शिजलं, कोणाची गाय व्याली, सगळं लिहायचीस. लग्न झाल्यापासून आपण एका घरात राहिलो त्यापेक्षा पत्रांतच जास्त राहिलो. तेव्हा पत्रात कंजुषी करू नकोस. माझं काही चुकलं का? आबांना घरी बसव असं लिहिलं त्याचा राग आला असेल तर तसं लिही.

भिकाजी


रत्नागिरी,
२७ फेब्रुवारी १९८६

चिरंजीव भिकाजीस, आबांचा आशीर्वाद.

सून लिवते हाय, मी सांगतो हाय. तिला सांगून ठेवलंय, बोलेन तसं लिवायचं, गाळायचं नाय. गाळलंन तर मथुरेकडनं वाचून घेईन.

तुजी पत्रं ऐकून मला सुचेना. तू समजतोस आबा शहाणा झाला. आबा शहाणा झाला नाय. आबा भ्याला.

डिसेंबरात मी पाखाडीनं धक्क्यावर निघालो होतो. सून माज्या मागनं येत होती. ती समजते मला ठाऊक नाय. अरे, पन्नास वर्षं मी रात्रीचा नुसत्या आवाजावर दर्या ओळखत आलो. घरच्या माणसाचं पाऊल मला कळायचं नाय? रोज कळायचं. मुद्दाम बोललो नाय. मागं कोणतरी हाय म्हटल्यावर बरं वाटायचं.

(आबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, असं मी म्हटलं. आबा म्हणतात, ते पण लिही.)

वरनं गाडी सुटली. इंजिन बंद. मला कायपण ऐकू आलं नाय. सुनेचं पाऊल एकदम पळायला लागलं तेवढं ऐकलं, आणि तिनं मला गडग्यावर ढकललंन. माज्या कोपराला खरचटलं. गाडी तिच्या पायावरनं गेली. घोट्याचं हाड मोडलं. सिव्हिलात प्लास्टर घातलं. दीड महिना ती पोर खाटेवर, आणि तू लिवतोस, त्यांच्या मागं हिंडू नको.

(आबा, त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं.)

का लिवलंन नाय ते ऐक. गाडीवर महिपत होता.

(इथे मी लिहायचं थांबले होते. आबा म्हणाले, लेखणी उचल.)

तो पळाला नाय. तिला पाठीवर घेऊन वर रिक्षापर्यंत धावत गेला. हास्पिटलात माज्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाय. तेवढं माज्या मनाला लागून ऱ्हायलंय. तवापासनं तो आलेला नाय. बायकोला धाडतो, ती मुकाट भाकरी थापून जाते. सून म्हणते, ह्यांना परमुलखात एवढाच एक मैतर, तो पण तोडायचा कशाला. म्हणून तिनं लपवलंन.

प्लास्टर काढलं. आता काठीनं चालते. घरात दोन काठ्या झाल्या.

मी घरी बसतो ते तू सांगितलंस म्हणून नाय. माज्यापायी पोरीचा पाय मोडला, आता कुठच्या तोंडानं दर्यावर जाऊ? अंगणात वारा येतो म्हणतोस. येतो. पण त्या वाऱ्याला मीठ नाय.

आता काय करायचं ते तू ठरव. तू थोरला झालास.

आबा

(मी: सगळं जसंच्या तसं लिहिलं आहे. माझ्यावर रागावू नका. आबा जेवत नाहीत, म्हणून त्यांचं ऐकलं.)


लिव्हरपूल,
१९ मार्च १९८६

सावित्री,

आबांचं पत्र काल हातात पडलं. डेकवर वाचायला घेतलं आणि अर्ध्यातच खाली केबिनमध्ये येऊन बसलो. बोसननं, आमच्या खलाशांच्या मुकादमानं, विचारलं, घरी कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही, सगळे आहेत.

तू खाटेवर पडली होतीस, आणि माझं पत्र आलं मोपेडवर बसून आरे-वारेला जायचं. तू ते आबांना वाचूनही दाखवलं असशील. तोंड कसं ठेवलंस ते मला ठाऊक नाही. निळी गाडी, मोरपिशी लुगडं! माझी मलाच लाज वाटते.

पहिल्या झटक्यात महिपतला पत्र लिहिलं. त्यात काय काय लिहिलं ते तुला सांगणार नाही. लायसन काढलंस का, हेही विचारलं. काढलेलं नसणारच, मी त्याला ओळखतो. पाकीट चिकटवलं आणि वॉचच्या पाळीवर गेलो. चार तास कठड्याशी उभा राहून बंदराचं काळं पाणी बघत होतो. आबांनी आम्हा दोघांना बांधलेली ती दोरी आठवली. तो बुडायला लागला की मला ओढायचा, मी बुडायला लागलो की त्याला. परत येऊन पाकीट फाडलं आणि दुसरं लिहिलं. ते टाकलं आहे. त्यात त्याला एकच काम सांगितलं आहे. तो ते करील की नाही, माहीत नाही.

आणि आबांना सांग, भिकाजीनं लिहिलेलं चुकलं. त्यांनी धक्क्यावर जायचंच. वय झालं म्हणून, किंवा कोणी गाडी घेतली म्हणून, त्यांनी घरी बसायचं नाही. पाखाडी त्यांची आहे. आपल्या आधीपासून ते तीत चालत आलेत.

आता मला खरं सांग. पाय कसा आहे?

भिकाजी


रत्नागिरी,
२२ एप्रिल १९८६

अहो,

यावेळी कंजुषी नाही. लिहायला पुष्कळ आहे.

शिमग्याला पालखी पाखाडीतून गेली. मी मथुराकाकूंच्या पडवीत बसून पाहिली. पालखी मधोमध असताना वरून तिघे मोपेडवाले आले. तिघेही उतरले, चपला काढल्या आणि पालखी जाईपर्यंत गाडी धरून उभे राहिले. काकूंनी ते पाहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "देवाला उतरतात, माणसाला उतरत नाहीत. पण वाट भरलेली असली की उतरतात. मग आपण वाट भरू."

त्याच्या आधी काकू नगरपालिकेच्या कचेरीत अर्ज देऊन आल्याच होत्या. तिथल्या साहेबांनी विचार करून सांगितलं, की पायडल असलेलं वाहन सायकलीत धरायचं की गाडीत, हे वरून विचारून घ्यावं लागेल. काकू म्हणाल्या, "माझ्या शेजारणीचा घोटा मोडला, त्याला कशात धरता?" त्यांनी अर्ज फायलीत ठेवला. पण वरून काही आलं नाही.

मग शिमगा सरल्यापासून आळीतल्या बायका उन्हं कलली की पाखाडीतच कामं घेऊन बसायला लागल्या. कोणी तांदूळ निवडतंय, कोणी काजू फोडतंय, कोणी सुकटीची डोकी मोडतंय. मला काकूंनी खुर्ची दिली. चालत येणाऱ्याला आम्ही वाट देतो, पाटीवालीला उठून देतो. चाकाला देत नाही. मोपेडवाला आला की उतरून, गाडी हातात धरून, सुकटीच्या वासातून "जरा बाजूला, काकू" करत जावं लागतं. दोन-तीन जण फार बडबडले. एक म्हणाला, पोलिसाला आणतो. काकू म्हणाल्या, "आण बाबा, मला त्याला बंदीची पाटी दाखवायचीच आहे." तो कोणाला घेऊन आला नाही.

आबांनाही मी आणून बसवत होते. पण धक्क्यावर चला म्हटलं की काठी बाजूला सारायचे. तुमचा निरोप वाचला तेव्हा ते नुसते "हूं" म्हणाले आणि तपकीर ओढली.

पाडव्याच्या संध्याकाळी अंगणात कोणीतरी येऊन उभं राहिलं. मी स्वयंपाकघरातून पाहिलं तर महिपतभावोजी. वाळले आहेत. आबा खुर्चीवर होते. त्यांनी कानोसा घेतला आणि म्हणाले,

"महिपत काय रे?"

"होय, आबा."

"पायी आलास?"

"पायीच आलो."

"मग चल. ओहोटी लागली असेल."

एवढंच बोलणं झालं. आबांनी हात पुढे केला, भावोजींनी धरला, आणि दोघं गेले. पाखाडीत बायका उठून उभ्या राहिल्या म्हणे. परत आले तेव्हा आबांनी दोनदा भात मागून घेतला. जाताना भावोजी माझ्याकडे बघून हात जोडायला लागले. मी म्हटलं, "उद्या थोडे लवकर या, त्यांना सूर्य मावळायच्या आत तिथं पोचायचं असतं." त्यांनी मान हलवली. तेव्हापासून रोज येतात.

तुम्ही त्यांना काय लिहिलं होतं ते आता कळलं. त्यांनी पत्र दाखवलं नाही, मी विचारलंही नाही.

पुढचं ऐका. वॉर्डाचे मेंबर पाखाडी बघायला आले. म्हणाले, तोंडाशी जांभ्या दगडाचे चिरे असे रोवता येतील, की माणूस जाईल आणि गाडी अडेल. पण मोपेडवाले तक्रार करतील, तीही आमचीच माणसं. भावोजी तिथं उभे होते. ते म्हणाले, "मोपेडवाल्यांचं माझ्यावर सोडा." आता विमा सोडून घरोघर तेच करत फिरतात. प्रत्येकाला आधी स्वतःचं सांगतात, मी वहिनीच्या पायावरून गाडी घातली म्हणून. दमयंती म्हणते, पहिल्यांदा सांगताना ह्यांना उंबऱ्यावरच बसावं लागलं. आता सांगू शकतात. लायसनही काढलं, आणि गाडी मोठ्या रस्त्यानं वळसा घालून नेतात.

तुम्ही गाडीवर राग धरू नका. लांबच्या वाडीवर जाणाऱ्याला ती हवीच. तिची वाट वेगळी, आपली वेगळी, एवढंच.

सावित्री


मार्से,
११ मे १९८६

सावित्री,

तुझं पत्र वाचून केबिनभर सुकटीचा वास सुटला. भंडाऱ्याला वाचून दाखवलं, तोही मथुराकाकूंना नमस्कार सांगतो.

महिपतचं पत्र आलं. चारच ओळी आहेत. शेवटची अशी, "आबा धक्क्यावर माझ्या खांद्याला धरून उभे राहतात आणि कुठली बोट कुठे चालली ते मला विचारतात, मला काही ओळखता येत नाही, मी खोटंच सांगतो, आणि ते म्हणतात, चूक." हे वाचून मी मोठ्यानं हसलो, बऱ्याच दिवसांनी.

पण तुझं एक माझ्या ध्यानात आलं आहे. पाच पानांच्या पत्रात आबांचं जेवण, काकूंचे काजू, पालखी, मेंबर सगळं आहे. मी एकच प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर नाही. तू लपवलेलं मला एकदा कळलं नाही. आता मीही थोडा शिकलो.

पाय कसा आहे?

भिकाजी


रत्नागिरी,
१ जून १९८६

अहो,

चिरे रोवले. मोपेडवाल्यांनीच सह्या करून दिल्या, मग मेंबरांना बोलायला काही उरलं नाही. पाखाडीच्या वरच्या तोंडाशी आणि खालच्या तोंडाशी, एका आड एक. माणूस वळण घेऊन जातो, पाटीवाली जाते, मूल कडेवर घेतलेली बाई जाते. मोपेडचं हँडल अडकतं. रोवायच्या आधी काकू भरलेली पाटी स्वतः डोक्यावर घेऊन मधून चालून बघत होत्या, गवंड्याला दोनदा चिरा हलवायला लावला.

पहिल्याच संध्याकाळी आबांच्या नडगीला चिरा लागला. मी घाबरले. ते तिथंच उभे राहून चिऱ्यावर हात फिरवत म्हणाले, "लागू दे. हा जागचा हलत नाय. उद्या मला ठाऊक असेल." दुसऱ्या दिवशी भावोजींचा हात सोडून एकटे वळण घेऊन गेले. भावोजी मागे राहिले आणि गडग्याला टेकून रडले. मी पाहिलं नाही असं दाखवलं. आता आठवड्यातून काही दिवस आबा एकटेच जातात. बायकांनी बसायचं थांबवलं आहे, पण दोघी-तिघींना सवय लागली, त्या अजून गप्पा मारायला येतात.

आता पायाचं.

डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं होतं. हाड जुळलं, पण थोडं तिरपं जुळलं. दुखत नाही, काम सगळं होतं. पण चालताना उजवीकडे झुकते. ते जाणार नाही. मी आरशात बघून सरळ चालायचा प्रयत्न केला, तर आणखीच वाईट दिसतं. बाजारात पोरं वळून बघतात.

तुम्ही येणार, एसटीतून उतरणार, आणि मी समोरून अशी येणार. लग्नात तुमच्या मावशींनी 'मुलगी चालते छान' म्हटलं होतं, ते माझ्या आईनं पुढं सगळ्यांना सांगितलं. तुमच्याबरोबर मी आजवर फार चालले नाही. जे काही चालायचं होतं ते पुढंच होतं. ते आता असं चालावं लागेल. तुम्ही पाहण्याआधी लिहून टाकावं असं वाटलं. हेच मला लिहिता येत नव्हतं. आबांवरची गाडी मी अडवली त्याचं मला काही वाटत नाही, पुन्हा आली तर पुन्हा अडवीन. वाटतं ते एवढंच.

सावित्री


मुंबई,
१८ जून १९८६

सावित्री,

काल बोटीवरून उतरलो. कागदपत्रं करायला कंपनीच्या कचेरीत गेलो तर तुझं पत्र तिथं येऊन पडलं होतं. बाहेरच्या बाकावर बसून वाचलं. शिपाई दोनदा येऊन म्हणाला, साहेब बोलावतात. मी म्हटलं, साहेबांना बसू दे.

तुला एक गोष्ट सांगतो, जी मी कधी सांगितली नाही. कारण तू दर वेळी मला घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नीट पाहतेस, पहिल्या दिवशी माणसांचीच गर्दी असते. इतके महिने हलत्या डेकवर काढले की जमीन मला मानवत नाही. उतरल्यावर पाय फाकून, झुलत चालतो. काल कचेरीच्या जिन्यात कठड्याला धरूनच चढलो. फोर्टात एक बाई पोराला म्हणाली, तिकडून चल, तो माणूस प्यायलेला आहे. मी पानसुद्धा खाल्लं नव्हतं. चार-सहा दिवस असंच चालतं, मग जमीन ओळख देते.

तेव्हा मी येईन तेव्हा आपण दोघंही वाकडेच चालणार. तू उजवीकडे झुकशील, मी दोन्हीकडे. पाखाडीत दोन माणसांना पुरेल एवढीच जागा आहे. आपल्याला बरीच वेळा एकमेकांचा खांदा लागेल. मला त्याचं काही वाटणार नाही.

आबा पुढे गेलेले असतील आणि ओरडत असतील, उशीर झाला म्हणून. ओरडू देत.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीत बसतो, शनिवारी सकाळी स्टँडवर उतरेन. पावसापाण्याची स्टँडवर येऊ नकोस असं लिहिणार होतो. लिहीत नाही. ये. वाटेत कुठे घाई करू नकोस, दम लागला तर बस. तू येईपर्यंत मी ट्रंकेवर बसून राहीन, आणि तू समोरून चालत येताना मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू दे.

भिकाजी